बरोबरची खूण

खैरनार बाईंची आणि माझी ओळख माझ्या चुकांमुळे झाली. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या आमच्या शाळेत मी पाचवीत होते आणि बाई आम्हाला गणित शिकवत. त्या 'सत्तावीस' म्हणाल्या की मला आधी सात ऐकू येत, म्हणून मी आधी सात लिहायची आणि मग दोन. माझ्या वहीत सत्तावीसचे असे बहात्तर होत. वर्गाने माझे नाव 'उलटी गंगा' ठेवले होते.

एका दुपारी बाईंनी मला थांबवून घेतले. आता काही खरे नाही, असे मला वाटले. त्यांनी वही चाळली आणि म्हणाल्या, "तू चुकतेस, पण दर वेळी एकाच रीतीने चुकतेस. म्हणजे लक्ष आहे तुझं." मग त्यांनी एक काम दिले. कोणतीही दोन अंकी संख्या घ्यायची, उलटी करायची, मोठीतून लहान वजा करायची आणि काय दिसते ते येऊन सांगायचे.

मखमलाबादच्या आमच्या मळ्यात झेंडू खुडता खुडता मी वजाबाक्या केल्या. बहात्तरातून सत्तावीस गेले, पंचेचाळीस. बावन्नातून पंचवीस गेले, सत्तावीस. सगळी उत्तरे नवाच्या पाढ्यातली. शिवाय दोन अंकांत जेवढ्याचा फरक, तेवढे नऊ. हे ऐकून बाई इतक्या आनंदल्या की त्यांनाही ते नवीनच असावे, असे मी समजले. हा गैरसमज त्यांनी पुढे कित्येक वर्षे दूर केला नाही.

बाई कोणाच्याही उत्तरापुढे बरोबरची खूण करत नसत. विद्यार्थ्याने पडताळा घ्यायचा आणि खूण स्वतः करायची. चुकार मुलांना सुरुवातीला ही चंगळ वाटे, पण खोटी खूण करताना हात अडखळतो हे लवकरच कळे. काही सहकारी याला आळस म्हणत. बाई हसून म्हणत, "आळशी तर मी आहेच."

दिवाळीच्या सुट्टीआधी माझे वडील शाळेत आले, माझे नाव काढायला. "पोरीला आकडा नीट लिहिता येत नाय, बाई. लय झालं शिकणं. मळ्यात माणूस लागतं."

बाईंनी वाद घातला नाही. वडिलांना खुर्ची दिली आणि माझ्या हाती खडू दिला. "दोन अंकी संख्या आहे. अंकांची बेरीज नऊ. उलटी केली की सत्तावीसने वाढते. कोणती?"

सत्तावीस म्हणजे तीन वेळा नऊ, म्हणजे अंकांत तिनाचा फरक. बेरीज नऊ. मग सहा आणि तीनच. 'छत्तीस' तोंडात आले आणि सवयीने हाताने आधी सहा लिहिला. पुढे तीन पडला असता तर माझी शाळा तिथेच संपली असती. बाईंना ते दिसत होते, तरी त्या गप्प राहिल्या. मी पडताळा घेतला. त्रेसष्ट उलटे केले तर कमी होतात, आणि आपल्याला वाढायला हवेत. मी सहा पुसला, तीन लिहिला, मग सहा.

वडिलांनी बाईंकडे पाहिले. "बरोबर हाय का?"

"मला नका विचारू, दादा. तिला विचारा."

वडिलांनी मला विचारले. अभ्यासातले काही त्यांनी मला विचारण्याची ती पहिलीच वेळ. मी सगळे समजावून सांगितले आणि उत्तरापुढे खूण केली. मग वडील टोपी सारखी करत म्हणाले, "राहू द्या मग नाव."

पुढे मीही शिक्षिका झाले. पहिली नेमणूक इगतपुरीला. वर्ग काही केल्या हाती येईना, म्हणून बाईंना कळवले. निवृत्त झालेल्या बाई भर पावसात एसटीने आल्या आणि दिवसभर शेवटच्या बाकावर बसल्या. निघताना मी विचारले, "कसं झालं?" छत्री उघडत त्या म्हणाल्या, "पडताळा घे." मला त्यांचा रागच आला होता. आता त्याच रीतीने मी माझ्या विद्यार्थ्यांचा राग ओढवून घेते.

बाईंना पंचाहत्तरावे वर्ष लागले आहे, म्हणून आज हा सत्कार. गुडघे साथ देवोत, दृष्टी अशीच राहो आणि आणखी पुष्कळ वर्षे त्यांच्या ओसरीवर गणित शिकायला येणारी मुले चुकत राहोत. या सत्काराचा हार माझ्या वडिलांनी आमच्या मळ्यातल्या झेंडूचा स्वतः ओवला आहे. बाई, जन्मभर तुम्ही खडू आमच्या हाती दिलात. आज आम्ही पडताळा घेतला आहे. तुमच्या नावापुढची ही एक खूण आम्हाला करू द्या.