उजवीकडचे दोन ठिपके

१९ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी सहाच्या आत पाच कॉल ऐकून मार्क पाठवायचे होते. दुपारचे तीन वाजले होते, एक कॉल झाला होता आणि मी इअरबड्सची जाळी जुन्या टूथब्रशने घासत बसले होते.

कॉल ग्राहकांचे. माझं ऑफिस नोएडात आहे, तिथून विमा कंपन्यांसाठी फोन घेतले जातात. महाराष्ट्रातले फोन आमच्या मराठी टेबलावर येतात. टेबलावर सात जणी बोलतात, आणि मी ऑडिटर, म्हणजे त्यांची रेकॉर्डिंग ऐकून मार्क आणि शेरे देते; ते त्यांनाही दिसतात. एरवी हे काम ऑफिसात, वायरवाल्या हेडसेटवर चालतं. पण नोव्हेंबर आला, दिल्लीची हवा बिघडली, अर्ध्या लोकांनी घरून काम करावं असा मेल आला. त्यामुळे दोन आठवडे मी मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये, एअर प्युरिफायरच्या घरघरीशेजारी, स्वतःचे इअरबड्स घालून बसत होते.

आवाज गोधडीतून यावा तसा येत होता. जाळी साफ केली. रबरी टोप्या बदलल्या. लहान, मग मोठ्या, मग परत मधल्या. प्युरिफायरची घरघर नको म्हणून तो बंद केला, घसा खवखवला म्हणून परत लावला. चहा केला आणि ओट्यावर विसरले. कुठेच बूड टेकत नव्हतं.

त्याला कारण होतं. दुसऱ्या दिवशी अकराला मीटिंग होती. तीन महिने पुरे झालेल्या मुलींना कायम करायचं की नाही, ते तीत ठरणार होतं. त्यांत एक साताऱ्याकडची होती. नवरा फौजेत, बिऱ्हाड कॅन्टोन्मेंटमध्ये. ‘स्पष्ट बोलणं’ या रकान्यात तीन शून्यं पडली की मुलीला कायम करत नाहीत, असा आमचा नियम आहे. दोन शून्यं मी तिला आधी दिली होती. तिसरं त्याच दिवशी जेवणाआधी पाठवून दिलं होतं. नियमाप्रमाणेच दिलं होतं, तरी जेवण नीट गेलं नाही.

आतल्या खोलीतून मुलगी आली. ती कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे.

“आई, नको असतील तर मला दे ना. मला बॅकअप हवेच आहेत.”

“तुला सगळंच हवं असतं. हे कसं वाजतंय ते बघ आधी.”

तिने एक कानात घातला, माझ्या फोनवर त्या इअरबड्सचं ॲप उघडलं आणि हसायलाच लागली. “तू काय डीजे आहेस का यार? हे बघ.”

पडद्यावर इक्वलायझर होता. पाच उभ्या रेघा, प्रत्येकीवर एक ठिपका. डावीकडचे तीन ठिपके छताला लागलेले, उजवीकडचे दोन पार तळाशी.

“कोणी केलं हे?”

“मीच.”

दिवाळीच्या आधीची गोष्ट. मेट्रोत गाणं ऐकताना गाडीच्या आवाजात तबल्याचा डग्गा बुडून जायचा. डावीकडे जाड आवाज असतात एवढं मला कळलं, म्हणून ते वर नेले. वळणावर चाकं किंचाळायची आणि गाण्यातली झांज कानाला टोचायची, म्हणून उजवीकडचे बारीक आवाज खाली ओढले. मेट्रोत छान वाजायला लागलं. मग ते ॲप मी परत उघडलंच नाही.

“पण हे फोनवरचं आहे. मी कॉल लॅपटॉपवर ऐकते.”

“सेटिंग बड्समध्येच सेव्ह होतं, आई. टीव्हीला लाव, नाहीतर फ्रिजला लाव. हेच वाजणार.”

मी उजवीकडचे दोन ठिपके वर ढकलायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला. “आधी सगळं झिरोवर आण. मग थोडं थोडं. आणि वर नेण्यापेक्षा जे जास्त झालंय ते कमी कर.”

पाचही मधल्या रेघेवर आणले. मग डावीकडून दुसरा दोन घरं खाली, कारण घुमणं त्यातून येत होतं. चौथा एक घर वर. बोलण्यातली श, स, च ही अक्षरं तिथे असतात, असं ती म्हणाली.

“आता काहीतरी लावून बघ.”

लॅपटॉपवर समोरच उघडा असलेला कॉल लावला. तो साताऱ्याच्या मुलीचा होता.

शब्द न् शब्द कळत होता. पॉलिसीचा आकडा, हप्त्याची तारीख, शाखेचा पत्ता. सूर गावाकडचा होता, पण बोलणं स्वच्छ. आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली, जी इअरबड्स कसेही असते तरी लक्षात यायला हवी होती. नऊ मिनिटांच्या त्या कॉलमध्ये ग्राहकाने एकदाही “काय म्हणालात?” असं विचारलं नव्हतं. आधीचे दोन कॉल लावले. तिथेही नाही.

मार्कांची शीट उघडली. ऑफिसात ऐकलेल्या तिच्या सगळ्या कॉलना पूर्ण मार्क होते. तिन्ही शून्यं घरून दिलेली, आणि शेऱ्यात मी लिहिलं होतं, ‘ग्रामीण उच्चार, ग्राहकाला समजायला अडचण.’ त्याच दोन आठवड्यांत बाकीच्या सहा जणींचे कॉलही मी त्याच इअरबड्सवर ऐकले होते. पुण्याच्या एकीपुढे शेरा होता, ‘लाइन खराब, मार्क कापले नाहीत.’ ठाण्याच्या एकीपुढेही तोच, उरलेल्या चौघींपुढेही तोच.

साहेबांना फोन लावला आणि तिचे मार्क बदलायचे आहेत असं सांगितलं.

“मॅडम, शीट तो फ्रीज़ हो गई. कल मीटिंग में देख लेंगे ना.”

“मीटिंग में नहीं. मीटिंग से पहले.”

“लिखकर देना पड़ेगा कि ऑडिटर की गलती है. आपके रेकॉर्ड में जाएगा.”

“पता है. सुबह देती हूँ.”

उरलेले चार कॉल सहाच्या आत ऐकून मार्क पाठवले. तरी चैन नव्हतं. कपड्यांच्या घड्या केल्या, डब्यांची झाकणं जुळवली, परत शीट उघडली, बंद केली.

“तू बसशील का कुठेतरी?” मुलगी म्हणाली. “तुझ्यामुळे मला गरगरतंय.”

सकाळी मास्क लावून मेट्रो पकडली. त्या दिवशी घरून काम करायची परवानगी होती, पण गेले. साडेआठला ऑफिसात होते. वायरवाला हेडसेट लावून तिचे तिन्ही कॉल पहिल्यापासून ऐकले आणि नवे मार्क लिहिले. चूक दुरुस्तीचा फॉर्म असतो, त्यात कारणाच्या जागी लिहिलं, ‘इअरबड्सचं सेटिंग चुकीचं होतं, चूक ऑडिटरची.’ तेवढ्याने काम भागत होतं.

साडेनऊला ती आली. मी तिला टेबलापाशी बोलावलं आणि झालं ते सरळ सांगितलं.

तिने खांद्यावरची पर्स हातात घेतली. मग म्हणाली, “म्हणजे मॅडम, दोन आठवडे मी तोंड वासवासून बोलत होते, ते?”

“उगाच.”

“आमचे मिस्टर म्हणतात, घरात काय परेड लावलीयेस का. पोरगं घाबरतंय माझ्या आवाजाला.” तिने पर्स टेबलावर ठेवली. “आणि ते ‘ग्रामीण’ लिहिलं होतं, ते पण त्या इअरबड्समुळंच का?”

“नाही. ते मी.”

“बरं,” ती म्हणाली, आणि जागेवर जाऊन तिने मशीन चालू केलं.

मी फॉर्म परत पुढे ओढला. कारणाच्या जागेत एक ओळ शिल्लक होती. तिथे लिहिलं, ‘लाइन खराब असू शकते ही सवलत बाकीच्या सहा जणींना दिली, हिला दिली नाही. याला सेटिंग कारण नाही. शेरा मागे घेत आहे.’ खाली सही केली.

दहा वाजता साहेब आले. मी फॉर्म त्यांच्या हातात दिला आणि ते वाचून सही करेपर्यंत समोरच्या खुर्चीत बसून राहिले.