जुन्या बोर्डाबरोबर चावीही भंगारात

कॉम्प्युटरची चावी आतल्या एका चिपमध्ये असते, हे मला एकाही शहाण्याने सांगितलं नाही. असो, नमस्कार ग्रुपवरच्या सगळ्यांना.

खाऱ्या हवेने माझ्या लॅपटॉपचा आतला बोर्ड गंजला. आज कुडाळहून नवा बोर्ड घालून आणला. होडीचं इंजिन बदललं तरी होडी आपलीच राहते, तसंच मी समजले. चालू केला तर मेला आकडा मागतो!

दुकानदाराला फोन लावला.

"आजी, डिस्क बरी आसा. पण तिका कुलूप आसा, आणि चावी जुन्या बोर्डावरच्या चिपात होती."

"मग जुनो बोर्ड खंय आसा रे?"

"भंगारात दिलंय."

"तुकाच भंगारात देवक व्हया!"

हे कुलूप माझ्या मुलाने, दिगूने, जहाजावर नोकरीला जाताना चोरांसाठी घातलं. चोर आला नाही, मीच बाहेर राहिले. आत माझ्या जावेने म्हटलेली फुगडीची गाणी आहेत. जाऊ वारली, आणि ती गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत.

दुकानदार म्हणतो, कुलूप घालताना एक लांबलचक आकडा मिळतो, त्याने उघडेल.

कोणी हळहळू नका, युक्त्या सांगू नका. दिगू, तो आकडा कुठे ठेवलास ते लिही. तुझ्या वतीने बायकोने नाही, तू स्वतः.