हलकं केलेलं चाक

निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. नोकरीत पाहिलेले खून, दरोडे आता एकमेकांत मिसळून जातात. कोणतं प्रकरण कोणत्या ठाण्यातलं, हे घरच्यांनी विचारलं तर मला चटकन सांगता येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या एका स्कूटरचं प्रकरण मात्र तारीखवार डोक्यात बसलं आहे. त्यात चोर नव्हता, मारेकरीही नव्हता. चुकलेली माणसं मात्र होती, आणि त्यांत मीही होतो.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात माणूस भेटला की पहिल्यांदा विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? वरचा भाग चढउतारांचा, खालचा पार सपाट. तेव्हा मी घाटावरच्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो आणि घाटाचा रस्ता आमच्या हद्दीत होता. एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन आला की तिसऱ्या वळणावर स्कूटरवाली बाई कठड्यावर आदळली आहे. आम्ही पोचलो तेव्हा ती गेलेली होती. वय तिशीच्या आतलं. सासर देऊळघाटचं, नोकरी बुलढाण्यात एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासण्याची.

वळणावर सीताफळं विकणारा एक म्हातारा होता. त्याने पाहिलं ते असं सांगितलं, "बाई वरूनच वरडत येऊन राह्यली होती, सरका, सरका म्हनून. दोन्ही पाय रोडले घासत होती. पन गाडी काई थांबेना, साहेब."

पंचनाम्यात मी तिच्या चपलांची नोंद घेतली. दोन्हींचे तळ टाचेपासून झिजून फाटले होते. मागे रस्त्यावर बराच लांबपर्यंत त्यांचं काळं रबर लागलं होतं. पिशवीत जेवणाचा डबा होता आणि तो उघडलासुद्धा नव्हता. असले पंचनामे मी पुष्कळ केले होते, पण त्या चपला लिहिताना पेन अडलं.

आकस्मिक मृत्यूची नोंद केली, शवविच्छेदन झालं, स्कूटर ठाण्यात आणून लिंबाच्या झाडाखाली लावली. दोन दिवसांनी मोटार वाहन निरीक्षक तपासणीला आले. पुढचा भाग चेपला होता, मागचं चाक शाबूत होतं. त्यांनी मला खाली बसवून दाखवलं. ब्रेकच्या दांडीच्या टोकाला एक नट असतो. तो कसला की ब्रेक जवळ येतो, सोडला की लांब जातो. लिव्हर अर्ध्यावर दाबलं की चाक धरलं पाहिजे. या गाडीच्या मागचा नट शेवटच्या आट्यावर आला होता, पुढची केबलही तशीच सैल सोडलेली. लिव्हर थेट मुठीला टेकत होतं.

"वापरून इतकं होत नाही," ते म्हणाले. "नटावर पान्याचे ताजे ओरखडे आहेत. कुणीतरी हाताने सोडलंय. गिअरची गाडी असती तर उतारावर इंजिनाने थोडं तरी धरलं असतं. या गाडीला ब्रेकशिवाय धरणारं काही नाही."

त्याच दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. बाईचा आवाज होता. नवराबायकोचं शनिवारी संध्याकाळी भांडण झालं, नवरा पाना घेऊन गाडीपाशी बसला होता, आम्ही डोळ्यांनी पाहिलं, एवढं सांगून तिने फोन ठेवला. ती शेजारीण आहे हे आमच्या हवालदाराने तासाभरात काढलं. तिचा जबाब घेतला, तेव्हा ती एका शब्दानेही मागेपुढे झाली नाही. ती खोटं बोलत नव्हती, हे आजही सांगतो.

दुसऱ्या दिवशी मुलीचे वडील घाट चढून आले. घाटाखालच्या पिंपळगाव राजाचे. आयुष्यभर त्यांनी सायकलवरून खेडोपाडी टपाल वाटलं होतं. बायको वारलेली, ही एकच लेक. "जयभीम साहेब," एवढं म्हणून ते खुर्चीच्या कडेला टेकले. ब्रेक कुणीतरी मुद्दाम ढिले केले होते, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. कागदावर त्यांनी स्वतःच्या सुंदर अक्षरात जावयाविरुद्ध फिर्याद लिहून आणली होती. खाली सही करताना म्हणाले, "माही पोरगी गेली. ज्यानं केलं त्याले सोडू नका. बाकी मले काई नाई पाह्यजे."

गुन्हा दाखल केला. नवऱ्याला अटक केली आणि दोन दिवसांची पोलीस कोठडी घेतली.

तो भाजीचा मळा करणारा, अंगाने किरकोळ, हातांच्या भेगांत माती मुरलेला माणूस. चौकशीत मी जे विचारलं ते त्याने नाकारलं नाही, हीच खरी अडचण होती. भांडण झालं का? हो. पाना हातात होता का? हो. ब्रेक ढिले आहेत हे माहीत होतं का? हो. मग नट कुणी सोडला? इथे आला की तो गप्प व्हायचा आणि जमिनीकडे पाहत राहायचा.

"तू सोडला का बे?"

"नाई."

"मंग कोनं?"

गप्प.

चौकशीचा माझा एक ठोकताळा होता. निरपराध माणूस चिडतो, रडतो, देवाच्या शपथा घेतो. गप्प बसतो तो हिशेब करत असतो. या ठोकताळ्यावर माझी बरीच प्रकरणं उलगडली होती आणि त्याचा मला गर्वही होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तोच प्रश्न दहाव्यांदा विचारला आणि तो पुन्हा गप्प राहिला, तेव्हा मी त्याच्या कानाखाली वाजवली. बायकोला अग्नी देऊन चार दिवसही न झालेल्या माणसाला. तो पडला नाही, ओरडला नाही, फक्त गालावर हात ठेवून उभा राहिला. लिहिताना लाज वाटते, पण हे सोडून बाकीचं सांगणं म्हणजे वाचकाला फसवणं होईल.

तिसऱ्या दिवशी सकाळी वडिलांना पुरवणी जबाबासाठी बोलावलं होतं. गाडी मुलीचीच आहे, एवढं ओळखून सही करायची. हवालदार त्यांना आवारात घेऊन गेला, मी कागद घेऊन मागोमाग निघालो. गाडीचा चेपलेला पुढचा भाग पाहून ते थोडा वेळ थांबले. नंतर सीटवरून हात फिरवला आणि सवयीने असावं, गाडी मधल्या स्टँडवर घेतली. मागच्या चाकापाशी उकिडवे बसले आणि हाताने चाकाला एक झटका दिला.

चाक फिरू लागलं. ते तोंडातल्या तोंडात मोजत होते.

"अकरा," चाक थांबल्यावर ते म्हणाले. "पाहा साहेब, अजूनबी अकरा फेरे घेते. आंधी चारात थांबत होतं."

मी विचारलं, "आधी म्हणजे कधी?"

"आंधी म्हंजे म्या मोकळं कराच्या आंधी." ते बोलत राहिले. मुलीचं बोलायला मिळालं म्हणून त्यांना बरं वाटत होतं. ती पंधरवड्याने रविवारी यायची. आली की ओट्यावरच्या बोर्डाला गाडी लावायची, आणि चार्जिंग होईस्तोवर बापलेक जेवायचे, बोलत बसायचे. एकदा परत जाताना घाट चढताना बॅटरी संपली. दीड तास एकटीने गाडी ढकलली. तेव्हापासून यांच्या जिवाला घोर लागला होता. "जंगलाचा रस्ता, एकटी पोरगी. मंग पुढच्या खेपेले आली तं म्या चाक फिरवून पाह्यलं. ब्रेक घासून राह्यले होते, चाक जड. जड चाक ताकद खाते साहेब. म्या तीस वर्सं सायकल हानली, मले नाई समजत का? ब्रेक दूर ठेवले तं मानूस संध्याकाळलोक थकत नाई. म्या पाना घेतला न दोन्ही चाकं हलकी करून देल्ली. तिचा फोन आला ना रात्री, बाबा, घरी पोचली न अजून चार्जिंग बाकी हाये म्हने."

हवालदार माझ्याकडे पाहत होता, मी त्याच्याकडे. घाटाखालच्या सपाट रस्त्यांवर सायकलवाले ब्रेक असेच लांब ठेवतात. तिथे कुणाला धाडकन थांबावं लागत नाही, पाय टेकला की झालं. या माणसाने आयुष्यात घाट पाहिला तो एसटीच्या खिडकीतून. चाक हलकं करणं आणि ब्रेक ढिला करणं ही एकच गोष्ट आहे, हे त्यांच्या मनाला शिवलंच नव्हतं. म्हणून तर फिर्याद तशी सुंदर अक्षरात उतरली होती.

आम्हाला काही सांगावं लागलं नाही. त्यांनी चाकाला पुन्हा झटका दिला, आणि या वेळी दुसऱ्या हाताने ब्रेकचं लिव्हर दाबलं. लिव्हर मुठीला जाऊन टेकलं. चाक फिरतच राहिलं. त्यांनी लिव्हर सोडून पुन्हा दाबलं. मग दोन्ही हातांनी दाबलं. चाक आपोआप थांबेपर्यंत ते तसेच धरून होते.

ते तिथेच मातीत बसले. हवालदाराने पाणी दिलं ते घेतलं नाही. शेवटी वर न पाहता म्हणाले, "साहेब, फिर्यादीतलं नाव खोडा. माह्यं लिहा."

मी म्हटलं, असं होत नसतं. कायद्याने काय होतं ते पाहू.

"काऊन नाई होत? फिर्याद माहीच हाये ना? मंग मीच सांगून राह्यलो, आरोपी बदला."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी असं काही मागितलं नव्हतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

त्यांना हवालदारापाशी बसवून मी आत गेलो आणि नवऱ्याला कोठडीतून माझ्या खोलीत बोलावलं. म्हटलं, "सासऱ्यांनी सांगितलं सगळं." त्याचा चेहरा एकदम उतरला. तीन दिवसांत प्रथमच तो माझ्याकडे पाहून बोलला.

"तुमीच सांगतलं त्याईले?"

"नाही. त्यांचं त्यांनाच कळलं. तुला माहीत होतं ना? मग तोंड का उघडलं नाहीस?"

"कसं सांगू साहेब? पोरगी गेलीच. हे समजलं असतं तं मामाजी राह्यले असते का?"

मग त्याने भांडणाचं सांगितलं. ब्रेक ढिले झाले हे तिला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. शनिवारी हा पाना घेऊन नट कसायला बसला, त्याचेच ते ताजे ओरखडे. तिने हातातून पाना ओढून घेतला. "म्हने, उद्या गेल्याबरोबर बाबा चाक फिरवून पाह्यतीन. फेरे कमी भरले तं त्याईले वाटीन, आपन केलेलं काम पोरीनं मोडलं. लय खुशीनं केलं हो त्याईनं. उद्याचा दिवस जाऊ द्या, सोमवारी कसून घेऊ. मी लय बोललो तिले. पन ती आयकत नव्हती. म्हने, हळूच जाईन." त्याने तोंड ओंजळीत धरलं. "म्या ओढून घ्याले पाह्यजे होता तो पाना."

थोड्या वेळाने त्याने डोळे पुसले आणि हात जोडले. "साहेब, जबाबात सगळं लिहा. ती त्याईच्यासाठी थांबली होती, एवढं नका लिहू. त्याईले वाटू द्या, तिले माहीतच नव्हतं."

जबाब मी स्वतः लिहिला. 'ब्रेक ढिले झाल्याचे मला माहीत होते, सोमवारी कसून घेणार होतो,' असं त्याच्या तोंडचं लिहिलं. भांडण किरकोळ घरगुती कारणावरून, एवढंच टाकलं. खरं कारण लिहिलं नाही. जबाबातलं वाक्य जाणूनबुजून गाळण्याची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ. पुढे मी न्यायालयात 'क' समरीचा, म्हणजे गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचा, अहवाल पाठवला आणि तो मंजूर झाला. वडिलांचा जबाब वरिष्ठांसमोर ठेवला होता, सरकारी वकिलांचं मतही घेतलं. वडिलांवर गुन्हा दाखल झाला नाही. हे कळवलं तेव्हा त्यांना सुटल्यासारखं वाटलं असेल, असं कुणी समजू नये.

पण त्या दिवसाचं अजून संपलं नव्हतं. जबाब वाचून दाखवताना वडील समोर होते. 'मला माहीत होते' हे शब्द ऐकले तसे ते उठून उभे राहिले.

"जवाईबापू, तुमाले माहीत होतं? मंग काऊन नाई कसले?"

खोलीत आम्ही तिघेच होतो. मी नवऱ्याकडे पाहिलं. एका वाक्यात तो मोकळा झाला असता.

"राहून गेलं मामाजी," तो म्हणाला. "मळ्यात काम होतं. सवड नाई भेटली."

म्हाताऱ्याने त्याच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं, एकदा, दोनदा, आणि मग त्याच्याच गळ्यात पडून रडला. त्याने मार खाल्ला आणि सासऱ्याला धरून ठेवलं. जावयाच्या गालावर अजून माझी कालची बोटं उमटलेली होती.

पुढे देऊळघाटमध्ये लोक त्याला नावं ठेवत. माहीत असून बायकोला तशा गाडीवर घाटात पाठवलं, कामाची सवड झाली पण नट कसायची झाली नाही, असं त्याच्या तोंडावर बोलत. तो ऐकून घ्यायचा. पंधरवड्याने रविवारी एसटीने पिंपळगाव राजाला जाऊन सासऱ्यांसोबत जेवून यायचा.

गप्प माणूस हिशेब करत असतो, हा माझा ठोकताळा त्या दिवशी खोटा ठरला नाही. तो हिशेबच करत होता, फक्त त्यात त्याने स्वतःला कुठे धरलं नव्हतं. त्यानंतर मी चौकशीत कुणावर हात उचलला नाही. पण त्याची माफी मागायची म्हणून दोनदा देऊळघाटच्या फाट्यापर्यंत गेलो आणि दोन्ही वेळा तिथूनच परतलो.

वडील मागच्या वर्षी वारले. थकल्यावर जावयाने त्यांना आपल्या घरी आणलं होतं, शेवटपर्यंत ते तिथेच होते, आणि आपल्या लेकीला काहीच माहीत नव्हतं असं समजूनच गेले. म्हणून आज हे लिहिता आलं.