नाव घातलेलं ताट

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. हे मी कुणालाही, न विचारता सांगते. फक्त ती कुणाच्या ताटात जेवून मिळवली, ते सांगत नाही.

माझ्या लेकीची हॉस्टेलची बॅग भरायची म्हणून आई निमोण्याहून कारेगावला आमच्याकडे आली. येताना फडक्यात बांधून ते ताट घेऊन आली. जुनं, जाड स्टीलचं, काठावर छिन्नीनं ठोकून घातलेलं नाव. माझ्या थोरल्या बहिणीचं.

आमच्यात कुणी शिकायला बाहेर निघालं की भांड्यावर नाव घालून देतात, हरवू नये म्हणून. बहीण पुण्याच्या हॉस्टेलला गेली तेव्हा हे ताट दिलं होतं. पहिल्याच सहामाहीत ती तापानं गेली. ताट परत आलं. आईनं ते मांडणीत भिंतीकडं तोंड करून ठेवलं. त्यात कुणी जेवायचं नाही. पुढं मी कॉलेजला निघाले, तर तेच ताट काढून माझ्या पेटीत घातलं.

"तिचं जेवायचं ऱ्हायलंय. तू जेव."

मी जेवले. मेसमधल्या मावश्या ताटावरचं नाव वाचून मला त्याच नावानं हाक मारायच्या. पहिल्या दिवशी अंगावर काटा आला. नंतर मी ओ द्यायला लागले. पदवी घ्यायला माझं खरं नाव पुकारलं, तेव्हा वाटलं, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत.

म्हणून लेकीसाठी मी शिरूरहून नवं ताट आणलं होतं, मशीननं तिचं नाव घालून. आईनं ते बोटानं वाजवून बघितलं.

"पत्रा हाय गं नुसता. पापड भाजायचं का यात?"

"आजी, मेसमध्ये ताटं असतात. मला दोन्ही नकोत," लेक चार्जर शोधत म्हणाली.

"असू दे की. आपलं ते आपलं."

मी नवं ताट चादरीच्या घडीत ठेवलं आणि जुनं आईच्या पिशवीत परत घातलं. "आई, हे हिच्याबरोबर जाणार नाही. माझ्यापुरतं झालं."

आई चादरीची घडी नीट करू लागली.

हॉस्टेलच्या खोलीत चादर उलगडली, तर आतून जुनं ताट निघालं.

"आजीनं बदललं," लेक म्हणाली. "म्हणाली, मम्मीला सांगू नको. मोठ्या मावशीचं अजून ऱ्हायलंय म्हणे. काय राहिलंय गं?"

तेवढ्यात बाहेर कुणीतरी मैत्रिणीला हाक मारली. बहिणीचंच नाव. त्या नावाच्या मुली असतात, मला कळतं की. पण मी मोठ्यानं ओ दिली.

लेक माझ्याकडं बघतच राहिली. "मम्मी, तुला नाही बोलावलं."

मी ताट माझ्या पिशवीत घातलं. "तू मेसच्या ताटात जेव. बिननावाच्या." तिनं एरवी वाद घातला असता. त्या दिवशी घातला नाही.

घरी आले तेव्हा आई भाकरी थापत होती. मांडणीत नवं ताट होतं, लेकीच्या नावाचं, भिंतीकडं तोंड करून ठेवलेलं.

"आई, ती जिवंत आहे."

"व्हय की. मी कुठं काय म्हंती?"

मी ते ताट उचलून सुलटं केलं. मग पिशवीतलं जुनं काढलं, धुतलं, त्यात भाकरी आणि आमटी वाढली आणि आईपुढं ठेवलं. या ताटात आई कधीच जेवली नव्हती.

"तिचं राहिलंय ना? मग आता तू जेव. माझ्या पोरीच्या गळ्यात नको."

आईला वाचता येत नाही. पण काठावरची अक्षरं कुठं सुरू होतात, ते तिच्या बोटाला बरोबर सापडलं. तिथून ती बोट फिरवत राहिली. आमटी निवली. मग तिनं भाकरी मोडली, पहिला घास काढून ताटाबाहेर ठेवला, आणि दुसरा तोंडात घातला.

मी तिच्या शेजारी बसून राहिले. बाहेर ठेवलेल्या घासाकडं मी बघत नव्हते. ती बघत होती.