लाइट हाय, जमीन नाय

निवृत्तीनाना पहिल्यांदा माझ्या गॅरेजमध्ये आले आणि दोनच मिनिटांत जमिनीवर आडवे झाले. म्हाताऱ्याला चक्कर आली असं वाटून मी पाण्याची बाटली घेऊन धावलो. नानांनी डोळे न उघडताच हात वर केला. "थांबा शेठ, ऐकू द्या." फरशीला कान लावून ते छोट्या हातोडीनं ठकठक करत होते. डॉक्टर पेशंटची छाती तपासतो तसं त्यांनी सगळं शेड तपासलं, उठून धोतर झटकलं आणि म्हणाले, "फरशी लय देखणी हाय. लिफ्ट कुठं बसवायची?"

मी पाथर्डी फाट्याजवळ नवीन गॅरेज काढलं होतं. मेकॅनिकलचा डिप्लोमा, कारखान्यातली बारा वर्षांची नोकरी आणि त्याहून मोठा स्वतःबद्दलचा अभिमान, एवढं भांडवल होतं. गाड्या उचलायची लिफ्ट मी एका प्रदर्शनात पाहून ठरवली होती. कशावरून ठरवली? ती लाल होती. नाना सिन्नरचे. आयुष्यभर कारखान्यांत यंत्रं बसवली आणि निवृत्तीनंतर गॅरेजांच्या लिफ्टा बसवू लागले. कुणीतरी त्यांचं नाव सुचवलं, म्हणून मी त्यांना बोलावलं होतं. खरं तर सल्ल्यासाठी नव्हेच. माझी निवड किती उत्तम आहे हे त्यांनी सांगावं म्हणून.

"गिऱ्हाइकं कोणती येणार?" नानांनी विचारलं.

"सगळी."

"सगळी म्हंजी कोणीच नाय. नीट सांगा."

मग मी सांगितलं. टोमॅटोच्या पिकअप, घोटीकडून भात वाहणाऱ्या जीप, थोड्या शहरातल्या कार. नानांनी माझ्या लाल लिफ्टचं रंगीत पत्रक लांब धरून पाहिलं. तिच्या दोन खांबांना जोडणारी पट्टी वरून जात होती. त्यांनी टेप काढला आणि माझ्याच शेडची उंची मला दाखवली. पट्टी छपरातून हातभर बाहेर गेली असती. "शेठ, ही घेतली तर मोराला बसायला जागा होईल," ते म्हणाले. बारा वर्षं कारखान्यात मापं घेणाऱ्या माणसानं स्वतःचं छप्पर मोजलं नव्हतं. ऑर्डर बदलली. जोड खालून जाणारी, चार टनांची लिफ्ट ठरली. रंग निळा मिळाला. मला अजून त्याची थोडी हळहळ आहे.

पण खरी गोची जमिनीत होती. नानांनी कोपऱ्यात एक भोक पाडलं, त्यात तार घालून मोजली आणि तार माझ्या हातात ठेवली. काँक्रीट तीन इंच. खाली मुरूम. हे कुणाचं काम, असं त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माझंच नाव सांगावं लागलं असतं. काँक्रीट कमी कर पण वरची फरशी चकाचक हवी, हे गवंड्याला मीच बजावलं होतं.

"खांबांच्या जागी खड्डे घ्यायचे, सळई बांधायची, भरायचं. मग अठ्ठावीस दिवस पाणी पाजायचं. तवर लिफ्टचं नाव काढायचं नाय."

"नाना, दसऱ्याला उद्घाटन आहे. नऊ दिवसांनी. पत्रिका वाटून झाल्यात."

"मंग जमिनीला पण एक पत्रिका द्या."

मला राग आला. नाना गेल्यावर मी दुसरा फिटर शोधला आणि काँक्रीट सहा इंच आहे, असं त्याला बिनदिक्कत सांगितलं. त्यानं विश्वास ठेवून दोन दिवसांत खांब बोल्टांनी घट्ट आवळले. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी माझी छोटी कार वर चढली, खाली आली. मला इतका आनंद झाला की मी मुद्दाम नानांना फोन करून उद्घाटनाचं आमंत्रण दिलं. त्यांनी येऊन पाहावं आणि गप्प व्हावं, एवढाच हेतू.

नाना आले. धुतलेली टोपी, कोरं धोतर. लिफ्टला झेंडूचे हार, भटजी तयार, सासरची मंडळी खुर्च्यांवर, आणि एका मित्राची पिकअप उचलण्यासाठी दोन खांबांमध्ये आणून उभी केलेली. नानांनी खिशातून ओळंबा काढला आणि हार बाजूला सारून खांबाशी धरला. दोरी वर खांबाला चिकटलेली आणि खाली बोटभर सुटलेली. कालच्या छोट्या कारनंच खांब आत झुकला होता. त्यांनी आरडाओरड केली नाही. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "शेठ, चढवा गाडी. बटण मी दाबतो. तुम्ही खाली उभे राहा."

मी हसलो. ते हसले नाहीत. सगळे पाहत होते, म्हणून मी गाडीच्या दिशेनं निघालो. तीन पावलं गेलो असेन. चौथं पाऊल पडेना. खरं सांगतो, पाय म्हणजे माझेच पाय, पण त्यांना डिप्लोमा नसल्यामुळे अक्कल होती. मी मागे वळलो आणि तोंडाला आलं ते जाहीर केलं, "माफ करा, लाइट गेली आहे."

डोक्यावर पंखा गरगर फिरत होता. सासऱ्यांनी वर पाहिलं. भटजींनी वर पाहिलं.

"लाइट हाय," नाना शांतपणे म्हणाले, "जमीन नाय."

हसण्याचा जो स्फोट झाला तो मी आयुष्यभर विसरणार नाही. पिकअप ढकलून बाहेर काढली, पेढे वाटले, आणि लोक हार घातलेल्या त्या लिफ्टशेजारी उभे राहून फोटो काढून गेले.

तिसऱ्या दिवशी मी सिन्नरला गेलो तो नानांशी भांडायलाच. चारचौघांत इज्जत काढली म्हणून. ते ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. माझं सगळं ऐकून घेतलं, थोड्या शेंगा माझ्यापुढे सरकवल्या आणि म्हणाले, "मी एकदा ऐकलं व्हतं मालकाचं."

एका गॅरेजमालकाला घाई होती. नानांना जमीन पोकळ वाटली होती, तरी त्यांनी लिफ्ट बसवून दिली. महिनाभरात जीप वरून खाली आली. खाली काम करणारा मिस्त्री नेमका चहाला बाहेर गेला होता. "त्याला चहानं वाचवलं," नाना म्हणाले. "मी तर मारूनच ठेवला व्हता. तो अजून मला राम राम करतो. त्याला म्हाईतच नाय." मग बराच वेळ ते शेंगा फोडत राहिले, पण एकही दाणा तोंडात टाकला नाही.

भांडण विसरून मीही पुढ्यातल्या शेंगा फोडू लागलो. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "कधी फोडायची फरशी?"

"उद्या," मी म्हणालो.

लिफ्ट उतरवली, माझी देखणी फरशी फुटली, खड्डे भरले. त्यावर गोणपाटं अंथरली. ती ओली ठेवायचं काम माझं होतं. पण नाना दोन-तीन दिवसांआड एसटीनं सिन्नरहून यायचे आणि गोणपाट मुठीत पिळून पाहायचे. एकदा पाणी टपकलं नाही, तर पाव्हण्यांसमोर म्हणाले, "पोराला उपाशी ठेवलं व्हय रे?" शेठचा मी 'रे' झालो, तो त्या दिवसापासून. तोवर गिऱ्हाइकांच्या गाड्यांखाली मी पाठीवर सरपटत शिरत होतो. माझी ढेरी गाडीखाली अडकायची आणि बायको म्हणायची, आधी तुम्हालाच उचलायची लिफ्ट हवी.

अठ्ठावीस दिवस भरले. नानांनी प्रत्येक बोल्ट स्वतः आवळला, ओळंबा चारही बाजूंनी धरला, एका खांबाखाली पत्र्याची चकती सरकवली, पुन्हा धरला. मग टोमॅटोच्या क्रेटसकट भरलेली पिकअप वर चढवायला लावली. ती वर जाऊन खटक्यावर बसली, तसे नाना तिच्याखाली जाऊन उभे राहिले आणि चहा मागवला. शेवटच्या घोटापर्यंत तिथंच. मीही कप घेऊन त्यांच्या शेजारी गेलो. या वेळी पायांनी काही तक्रार केली नाही.

नाना गेल्या थंडीत गेले. दहाव्याला मी सिन्नरला गेलो. घरासमोर मांडवात सात-आठ अनोळखी माणसं बसली होती, सगळ्यांच्या नखांत माझ्यासारखंच काळं ग्रीस. कुणी इगतपुरीचा, कुणी घोटीचा, एक थेट मालेगावचा. बोलता बोलता कळलं, प्रत्येकाच्या गॅरेजमध्ये नानांनी लिफ्ट बसवली होती आणि त्याआधी प्रत्येकाची चारचौघांत इज्जत काढली होती. इगतपुरीवाल्यानं तर पावसाचं पाणी भरणाऱ्या खोलगट जागेत लिफ्ट मांडायला काढली होती. माझी गोष्ट मी मोठ्या तयारीनं सांगितली, पण त्या मंडळींत ती मधल्याच नंबरावर आली. मूर्खपणातही माझा पहिला नंबर नव्हता.

नानांच्या पत्नी, काकू, चहा घेऊन आल्या. मालेगाववाल्यानं भीत भीत विचारलं, "काकू, नाना घरी आमच्याबद्दल काय बोलायचे?"

काकूंनी आम्हा सगळ्यांकडे एकदा पाहिलं. "नावं कुठं घ्यायचे ते. संध्याकाळी हातपाय धुताना म्हणायचे, आज ज्याच्याकडं गेलो व्हतो तो माणूस बरा हाय, फक्त घाईचा हाय."

 माझा फोन वाजला, तसा मी उठून बाजूला गेलो. गिऱ्हाईक गाडी कधी मिळेल असं विचारत होतं.

"उद्या," मी म्हणालो, फोन बंद केला, आणि घोटीवाल्याला जरा सरकायला सांगून पुन्हा खाली बसलो.