उचलून नेता येणार नाही असा

"पन डबाच काहून? लोकं डबे भंगारात देऊन राहिले, आन् तुले नवा डबा पाहिजे!" श्याम तिसऱ्यांदा म्हणाला.

"मले डबाच पाहिजे," रागिणीही तिसऱ्यांदा म्हणाली.

भांडण सकाळच्या चहाला सुरू झालं होतं. आता जेवणं झाली, ताटं उचलली गेली, तरी ते या दोन वाक्यांच्या पुढे सरकलं नव्हतं. दोघांच्या मध्ये प्राजक्ता बसली होती, श्यामच्या मोठ्या बहिणीची मुलगी. पुण्यात कम्प्युटर कंपनीत नोकरीला. चार दिवस अमरावतीला आजोळी आली, तर मामाने आल्या दिवशीच तिला कामाला लावलं होतं. तिने तीन लॅपटॉप निवडून त्यांच्यातला फरक कागदावर लिहून आणला होता.

"मामी, हा बघा. जेमतेम सव्वा किलो. एका हातात मावतो."

"हलका नोको मले."

"अहो, हलका म्हणजे चांगलंच ना?"

रागिणीने ओट्यावरचं फडकं पिळून वाळत टाकलं.

बैठकीच्या कोपऱ्यात जुना डबा, म्हणजे डेस्कटॉप कम्प्युटर होता, बारा वर्षांचा. त्याच्या पेटीचं एका बाजूचं झाकण काढून ठेवलेलं, आणि उघड्या पोटासमोर टेबलफॅन लावलेला. एप्रिलच्या उन्हात तो वीस मिनिटं चालायचा आणि तापून बंद पडायचा. मग तो गार होईस्तोवर रागिणी वरण फोडणीला टाकायची, कपडे घड्या करायची, पुन्हा येऊन बसायची.

माहेरी चांदूर रेल्वेला असताना तिने मराठी टायपिंगची परीक्षा दिली होती. सरकारी नोकरी लागेल म्हणून. नोकरीच्या आधी श्यामचं स्थळ आलं. साईनगरातल्या या घरात ती गेली पंधरा वर्षं शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत होती, लोकांच्या पोरापोरींचे लग्नाचे बायोडाटे करून देत होती. यंदा पहिल्यांदाच समाजाच्या परिचय मेळाव्याची अख्खी पुस्तिका तिच्याकडे आली होती. दोनशे जणांची उंची, शिक्षण, शेती आणि अपेक्षा. नोकरीवाली पाहिजे, पण घर सांभाळणारी पाहिजे, असं तिने आतापर्यंत साठ-सत्तर वेळा तरी टाइप केलं असेल. अजून निम्मी पुस्तिका बाकी होती. पंधरा दिवसांत झाली नाही तर समितीवाले काम अकोल्याच्या प्रेसला देणार होते. तिकडे एकदा गेलं की पुढच्या वर्षी तिच्या दारात कोणी येणार नव्हतं.

"लॅपटॉप सगळ्याइले कामी येते," श्याम प्राजक्ताला समजावू लागला. कृषी केंद्राच्या दुकानात तो हिशेबाला बसायचा. "सकाळी मी दुकानात नेईन. दुपारी आनून देईन हिले."

"आन् सुटीत लहान्याले पाठवजा महिनाभर अंजनगावले," दिवाणावर पडल्या पडल्या श्यामची आई पार्वताबाई म्हणाल्या. लहान्या म्हणजे अंजनगावला आईवडिलांकडे असलेला प्राजक्ताचा भाऊ. "बारावीचं वर्ष हाये त्याचं."

लॅपटॉप अजून दुकानातच होता, आणि इकडे त्याचे दिवस वाटून झाले होते.

"शिवाय लाईट गेली तरी तो चालतो," प्राजक्ता म्हणाली. "डब्याला वेगळा यूपीएस लागेल, मामी. तोही चांगला जडच असतो."

"मंग तो पन घेऊ."

प्राजक्ताला हसू आलं. "तुम्ही काय किलोवर कम्प्युटर घेताय?"

"हो."

"अहो, एकदा वापरून तरी बघा! करोनात मामांनी मला लॅपटॉप पाठवला होता ना, त्याच्यावरच तर माझं शेवटचं वर्ष झालं. तो नसता तर ही नोकरीसुद्धा नसती लागली मला."

श्यामने उगाच टीव्हीचा रिमोट हातात घेतला.

"मामाचा कुठला वं," पार्वताबाई कूस बदलत म्हणाल्या, भाजीत मीठ कमी आहे हे सांगावं तशा. "हिचाच होता तो. रात्रंदिवस टायपिंग करून घेतला होता हिनं."

प्राजक्ताने मामीकडे पाहिलं.

"अठरा दिवस वापरला मी," रागिणी म्हणाली. टोमणा नव्हता तो. तिला आकडा लक्षात होता, एवढंच.

"मग परत का नाही मागितलात?"

"मांगतला."

कोणाकडे, हे प्राजक्ताने विचारलं नाही. ती मामाकडे बघत राहिली.

"आता त्याचं काय घेऊन बसता बापा!" श्याम उसळला. "पोरगी शिकली ना? वाया गेला काय?"

"नाई गेला वाया. माही शिलाई मशीन पन नाई गेली वाया. ताईच्या घरी चालूच हाये."

अंजनगावची ती मशीन प्राजक्ताने लहानपणापासून पाहिली होती. तिचे शाळेचे फ्रॉक त्याच मशीनवर शिवलेले. ती आईचीच मशीन आहे असंच ती धरून चालली होती.

"नांदत्या घरात वस्तू इकडची तिकडे होतेच," पार्वताबाई म्हणाल्या.

डबा तेवढा कुठे गेला नव्हता. तो न्यायचा तर दोन माणसं आणि ऑटो लागला असता, तेवढी खटपट कोणी केली नाही.

प्राजक्ताने तीन लॅपटॉपचा कागद फाडला आणि कोरा कागद घेतला. "मामी, रोज किती वेळ बसता तुम्ही कम्प्युटरवर?"

"बसू देतीन तेवढा वेळ."

प्राजक्ताने ते लिहिलं नाही. मोठा पडदा, वेगळा की-बोर्ड, मामीच्या बोटांना सवय असलेलं जुनं मराठी टायपिंग, असं लिहीत गेली. मग मान वर न करता म्हणाली, "तो लॅपटॉप मी पुण्याहून..."

"चालते काय तो आता?"

"नाही."

"मंग राहू दे."

रागिणी उठली. जुन्या कम्प्युटरचा टेबलफॅन तिने बंद केला. पेटीवर हात ठेवून बघितला; अजून गरमच होती.

"मंग मी दुकानात काय नेऊ?" श्याम म्हणाला.

"काही नका नेऊ," ती म्हणाली. मग आवाज न चढवता, दिवाणापर्यंत ऐकू जाईल एवढ्याच बेतानं बोलली, "उद्या दहा वाजता मी आन् प्राजू जाऊन डबा आनू. तो लोखंडी टेबलाले पट्टी मारून कसून घेऊ. बारा ते चार त्याच्यावर मी बसीन. दुपारचा चहा ज्याचा त्यानं करून घ्या."