अशोकातल्या बाळंतिणी

शनिवार, ११ मार्च २०२३. सकाळी नळाला पाणी आलं नाही. चष्म्याची काडी बसवून आणली. दुपारी दाक्षायणीच्या अंगणातला अशोक तोडायला माणूस आला आणि तसाच परत गेला.

रोजनिशीत एवढंच आहे. बाकीचं इथे सांगते.

दाक्षायणी माझी शेजारीण, कुंपणापलीकडची. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी, बाहेर मराठी. नवरा गेल्यावर कडक भाकरीवर तिने घर चालवलं, मुलाला, सोमेशला शिकवलं. पहाटे ज्वारीच्या पातळ भाकऱ्या थापायच्या, भाजायच्या आणि अंगणात धोतरावर पसरून उन्हात खडखडीत करून दुकानात द्यायच्या. शिवाय गल्लीत कुणी बाळंत झाली की शेकशेगडी, अळिवाची खीर, बाळाची अंघोळ तिच्याकडे. त्यात तिचा एक नियम आहे. सव्वा महिना बाळंतिणीची खाट हलवायची नाही. एका घरात मधेच रंगकाम निघालं, तेव्हा ही रंगाऱ्याच्या शिडीपुढे पाट टाकून बसली होती.

तिच्या अंगणात ऊन पडतं ते फक्त अशोकाजवळ. त्या हिवाळ्यापासून भाकऱ्यांवर डाग दिसू लागले. कधी झाडाखाली पेरूचा चघळलेला चोथाही पडलेला असे. दुकानदाराने एक थप्पी परत पाठवली आणि पुन्हा असं दिसलं तर माल बंद, असा निरोप दिला. तेव्हा सोमेशने झाड तोडणारा बोलावला.

तो वर चढला, लोंबती पानं बाजूला केली आणि तिथूनच म्हणाला, "मावशी, वाघळं हायत. पोटाला पिल्लं हायत."

दाक्षायणी खाली उभी राहून बघत राहिली. पानांच्या आत कुणीतरी काड्या कुरतडून छत्रीसारखी पोकळी केली होती. तीत पाच-सहा तपकिरी वाघळं उलटी लटकलेली. कोल्ह्यासारखी तोंडं, मोठे डोळे.

"बाणंती हायत," ती म्हणाली. कानडीत बाळंतिणीला तसं म्हणतात. "सव्वा महिना हात लावायचा न्हाय."

"अव्वा, वाघळाला कुठला सव्वा महिना?" सोमेश आईला म्हणाला.

"तुझ्या येळंला तुझा बाप बी असंच म्हणला होता."

सोमेशने माणसाला एप्रिलअखेर यायला सांगितलं.

माझी नात अक्षता कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. रविवारी ती आली, तर दाक्षायणीने तिला थेट झाडाखाली नेलं. हे आखूड नाकाचं फळवाघूळ, अक्षताने सांगितलं. ही पोकळी नराने केली, दातांनी, कित्येक आठवडे खपून. मग माद्या राहायला आल्या. एकेकीला एकच पिल्लू.

"म्हंजे बाप्या एक, बायका पाच?"

"हो, काकू."

"बाळंतपणं काढतो का?"

"नाही. घर राखतो."

"मग माणसावानीच की."

भाकऱ्यांसाठी तिने वर जुनं लुगडं बांधून पाहिलं. डाग थांबले, पण भाकरी कडक होईना. मी म्हटलं, माझ्या गच्चीवर वाळव. "माझा धंदा तुमच्या डोक्यावर कशाला, वैनी?" असं म्हणून तिने विषय मिटवला. ती कुणाचं काही घेत नाही. पुढचा महिनाभर दुकानात माल कमीच गेला.

एप्रिल संपता संपता पिल्लं उडू लागली. तोडणारा कोयता घेऊन आला. अक्षता माझ्याकडेच होती, ती कुंपणापाशी गेली आणि जरा चाचरतच म्हणाली, "काकू, या माद्या बाळंत झाल्यावर लगेच पुन्हा गाभण राहतात. आता सगळ्या पोटुशा असणार. जुलैच्या सुमारास पुन्हा पिल्लं होतील."

"दर साली असंच?"

"वर्षातून दोनदा."

सोमेश हसायला लागला. "झालं. आता पोटुशीला उठवशील का, अव्वा?"

दाक्षायणीने वर बघितलं. "त्या बाप्याला कुणीतरी सांगा की," म्हणाली आणि तोडणाऱ्याला चहा देऊन वाटेला लावलं.

संध्याकाळी ती माझ्या दाराशी आली. पदराखाली कडक भाकऱ्यांची चवड होती.

"वैनी, गच्ची द्याल का? माझ्यासाठी मागत न्हाय. त्यांच्यासाठी मागते."

"त्यांच्यासाठी देते," मी म्हटलं.

"ह्या ठेवा मग. रोज वाळवणार, रोज देणार."

"मला चावता येतात कुठे?"

"दुधात कुस्करा की. भाकरीला काय दातच लागतात का?"

आम्ही दोघी जिना चढून वर गेलो. गच्ची कुठून कुठवर झाडायची, धोतरं कुठे पसरायची, ते तिने ठरवलं. मी फक्त होय म्हणत होते. अंधार पडू लागला तशी अशोकातून वाघळं एकेक करून बाहेर पडली आणि पेरूच्या बागांकडे गेली. वरून काही पडेल म्हणून तिने सवयीने डोक्यावरून पदर घेतला.

त्या रात्री रोजनिशीत लिहिलं: कपडे वाळत घालायची दोरी गच्चीवरून सोडून मागच्या अंगणात बांधली.